न केलेली सही

‘माय १९१९’ हा चिनी चित्रपट आपल्या मंडळातल्या फारच थोड्या मंडळींनी पाहिला असेल, अशी माझी अटकळ आहे. १९९९ साली आलेला, ह्वांग च्येनचुंग यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट वेलिंग्टन कू या चिनी मुत्सद्द्यावर आहे. कूची भूमिका चेन दाओमिंग या गाजलेल्या नटाने केली आहे. माझ्या ऑफिसातल्या एका चिनी सहकाऱ्याने त्याची डीव्हीडी हातात ठेवली आणि म्हणाला, ‘परदेशात शिकलेल्या प्रत्येकाने हा पाहायलाच हवा.’ मी एकदा पाहिला, आवडला. महिन्याभराने पुन्हा पाहिला, तेव्हा काहीतरी खटकलं. मग कोलंबिया विद्यापीठाच्या संग्रहातल्या कू यांच्या आठवणींतला पॅरिसचा भाग वाचला, स्टीफन क्राफ्ट यांनी लिहिलेलं २००४ सालचं चरित्र वाचलं, आणि खटकलेलं नेमकं काय ते हळूहळू कळत गेलं. या लेखात तेच मांडायचं आहे. मी इतिहासाचा अभ्यासक नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. तेव्हा जाणकारांनी सांभाळून घ्यावं.

आधी माणसाची ओळख करून देतो, कारण आपल्याकडे हे नाव कुणाच्या कानावर नाही. मूळ नाव गू वेइजुन. जन्म १८८८, शांघायजवळचा. सोळाव्या वर्षी अमेरिकेत आले, न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत वर्षभर काढलं आणि १९०५ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. नावात ‘वेलिंग्टन’ आलं आणि जगाने त्यांना शेवटपर्यंत त्याच नावाने ओळखलं. आपल्याकडच्या ‘सॅम’ आणि ‘रॉन’ मंडळींनी हसू नये, ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे! कोलंबियात ते वादविवादाच्या संघात होते आणि विद्यार्थ्यांच्या दैनिकाचे, ‘स्पेक्टेटर’चे, मुख्य संपादक झाले. त्या काळात एका चिनी मुलाने अमेरिकन विद्यार्थ्यांचं वर्तमानपत्र चालवावं, ही काही लहान गोष्ट नव्हे. १९१२ साली त्यांनी चीनमधल्या परकीयांच्या कायदेशीर दर्जावर प्रबंध लिहून डॉक्टरेट घेतली. विषय बघा. परकीय लोक चीनमध्ये चीनचा कायदा का पाळत नाहीत, हा त्या प्रबंधामागचा खरा प्रश्न होता, आणि पुढची तीस वर्षं कू यांनी त्याच प्रश्नावर घालवली.

कोलंबिया म्हटलं की आपल्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आठवणारच. बाबासाहेब तिथे पोहोचले १९१३ साली. म्हणजे एका वर्षाने दोघांची चुकामूक झाली. दोन प्राचीन देशांतून आलेले दोन तरुण, एकाच विद्यापीठाच्या आवारात, एक आंतरराष्ट्रीय कायदा शिकून गेला आणि दुसरा अर्थशास्त्र शिकायला आला. दोघेही परत गेले आणि शिकलेलं सगळं मायदेशासाठी खर्च केलं. फरक एवढाच की बाबासाहेबांचा झगडा देशातल्या समाजाशीही होता, तर कू यांचा सगळा झगडा देशाबाहेरच्या जगाशी. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरतो.

परत गेल्यावर कू राष्ट्राध्यक्ष युआन शिकाय यांचे इंग्रजी सचिव झाले. १९१५ साली जपानने चीनपुढे कुप्रसिद्ध ‘एकवीस मागण्या’ ठेवल्या आणि त्या गुप्त ठेवण्याची तंबी दिली. परराष्ट्र खात्यातल्या कू यांनी त्या अमेरिकेचे पेकिंगमधले वकील पॉल राइन्श यांच्या कानावर घातल्या. दुबळ्याच्या हातात फार हत्यारं नसतात, त्यातलं एक म्हणजे गुपित फोडणं. त्याच वर्षी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, ते अमेरिकेतले चीनचे प्रतिनिधी झाले. सत्ताविसाव्या वर्षी आपल्यातले बरेचजण एच-वन व्हिसाची वाट पाहत होते, हे आठवलं की माणूस आपोआप नम्र होतो.

आता चित्रपटाकडे वळतो. पहिलं महायुद्ध संपलं आणि १९१९च्या जानेवारीत पॅरिसला शांतता परिषद भरली. चीन १९१७ साली दोस्तांच्या बाजूने युद्धात उतरला होता. सैन्य पाठवलं नव्हतं, पण सुमारे १,४०,००० चिनी मजूर फ्रान्समध्ये खंदक खणत, दारूगोळा वाहत, प्रेतं उचलत होते. चीनची मुख्य मागणी एकच होती. शांतुंग प्रांतातला जर्मनीच्या ताब्यातला मुलूख आणि तिथले जर्मन हक्क चीनला परत मिळावेत. १९१४ साली जपानने जर्मनांना हुसकावून तो मुलूख बळकावला होता आणि आता तो स्वतःकडे ठेवायचा होता. २७ जानेवारीला जपानतर्फे बॅरन माकिनो बोलले. दुसऱ्या दिवशी कू उभे राहिले. वय जेमतेम एकतीस. काही महिन्यांपूर्वीच फ्लूच्या साथीत पत्नी वारली होती, मागे दोन लहान मुलं. हातात टिपण नाही, आणि समोर विल्सन, लॉइड जॉर्ज, क्लेमांसो.

चित्रपटातला हा प्रसंग सुरेख वठला आहे. चेन दाओमिंगचं उभं राहणं, शब्दांआधीचा तो क्षणभराचा थांबा, नजर, सगळं जमून आलं आहे. पण दिग्दर्शकाला तेवढ्यावर समाधान नाही. त्याने एक सोन्याचं खिशातलं घड्याळ आणलं आहे. माकिनोचं घड्याळ कूच्या हाती लागतं, भर सभेत कू ते दाखवतात, माकिनो चोरी झाली म्हणून संतापतो, आणि कू त्याला सुनावतात की एका घड्याळासाठी एवढा राग, मग सगळ्या जगासमोर अख्खा प्रांत चोरणाऱ्याला काय म्हणावं? टाळ्यांचा प्रसंग आहे. मीसुद्धा पहिल्यांदा मनातल्या मनात टाळी वाजवली. पण हे घड्याळ पटकथाकाराच्या खिशातून आलं आहे. परिषदेच्या इतिवृत्तात त्याचा मागमूस नाही.

इतिवृत्तात जे आहे ते घड्याळापेक्षा कितीतरी वजनदार आहे. कू यांनी सांगितलं की हा प्रश्न ३ कोटी ६० लाख चिनी माणसांचा आहे. शांतुंग ही कन्फ्यूशियस आणि मेन्शियस यांची जन्मभूमी, चिनी माणसाची पुण्यभूमी आहे. जर्मनांना घालवल्याबद्दल चीन जपानचा ऋणी आहे, पण ते ऋण फेडायला देशबांधवांचा जन्मसिद्ध वारसा विकणं हे कर्तव्यच्युती ठरेल. या शेवटच्या मुद्द्याची बांधणी पाहा. आधी आभार मानले आणि मग त्या आभारांची किंमत नाकारली. समोरच्याचा अपमान नाही, आवाज चढलेला नाही, आणि तरीही जपानला उत्तर देणं अवघड. वकिली म्हणतात ती ही. घड्याळाच्या प्रसंगात कू हजरजबाबी वाटतात, इतिवृत्तात ते विचारी वाटतात. चित्रपटाने विचारी माणूस काढून हजरजबाबी माणूस बसवला, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. भाषण झालं, विल्सन आणि लॉइड जॉर्ज यांनी येऊन अभिनंदन केलं, वृत्तपत्रांनी वाहवा केली. आणि पुढे काय? ३० एप्रिलला तिघा बड्यांनी शांतुंगमधले जर्मन हक्क जपानला देऊन टाकले. टाळ्या जानेवारीत मिळाल्या आणि शांतुंग एप्रिलमध्ये गेलं. उत्तम भाषणाने काहीही बदललं नव्हतं.

कारण खेळ आधीच खेळला गेला होता. १९१७ सालीच ब्रिटन, फ्रान्स आणि इटली यांनी जपानला गुप्तपणे शब्द दिला होता. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट म्हणजे सप्टेंबर १९१८ मध्ये पेकिंगच्या सरकारने जपानकडून रेल्वेसाठी कर्ज घेताना शांतुंगबद्दलच्या जपानी अटी ‘आनंदाने’ मान्य केल्याचं लेखी कळवलं होतं. २२ एप्रिलला विल्सनने चिनी प्रतिनिधींना नेमकं हेच विचारलं. युद्ध संपत आलेलं, जपान आता तुमच्यावर जबरदस्ती करू शकत नव्हता, मग तुम्ही आनंदाने मान्यता का दिलीत? कू यांनी उत्तर दिलं की ही मान्यता १९१५च्या एकवीस मागण्यांच्या दडपणातूनच आलेली आहे. उत्तर चांगलं होतं. पण त्या क्षणी त्या माणसाला काय वाटलं असेल? तुम्ही जगासमोर घराची अब्रू राखताय आणि घरातल्याच कुणीतरी आधीच सातबाऱ्यावर सही करून ठेवली आहे.

माझ्या धंद्यातली माणसं हा अनुभव लहान प्रमाणावर ओळखतील. क्लायंटसमोर तुमचं प्रेझेंटेशन अप्रतिम होतं, सगळे माना डोलावतात, आणि बाहेर पडल्यावर कळतं की आपल्याच कंपनीच्या विक्री विभागाने सहा महिन्यांपूर्वी भलतंच काहीतरी लिहून दिलेलं आहे. तुमचं इंग्रजी कितीही चांगलं असो, कागद तुमच्या विरुद्ध असतो. कू यांची शोकांतिका या जागी आहे, आणि चित्रपटाला ती पेलत नाही. त्याला बाहेरचा खलनायक हवा आहे, घरातला नको.

खलनायकाचंही तसंच. चित्रपटातला माकिनो म्हणजे चिडका, गर्विष्ठ, सहज हरवता येईल असा माणूस. प्रत्यक्षात याच माकिनो यांनी त्याच परिषदेत, राष्ट्रसंघाच्या घटनेत वंशांच्या समानतेचं तत्त्व घालावं असा प्रस्ताव आणला होता. ११ एप्रिलला त्यावर मतदान झालं तेव्हा सतरापैकी अकरा मतं बाजूने पडली, आणि त्यात चीनचंही मत होतं. समितीवर चीनचे प्रतिनिधी कोण? वेलिंग्टन कू. एका बाजूने जपान आपला प्रांत गिळतोय आणि दुसऱ्या बाजूने त्याच जपानचा न्याय्य प्रस्ताव आपण उचलून धरायचा. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही या कारणावरून त्यांनी ठराव बाजूला सारला. जपान दुखावला. तो राष्ट्रसंघातून बाहेर राहू नये ही चिंता विल्सनना होतीच, आणि शांतुंगचा निकाल जपानच्या बाजूने लागण्यात या चिंतेचा वाटा होता. म्हणजे ज्या प्रस्तावाला कू यांनी न्याय्य म्हणून पाठिंबा दिला, त्याच्या पराभवाची किंमत अखेर चीनने मोजली. एवढं नाट्य इतिहासाने फुकट दिलेलं असताना पटकथाकाराला घड्याळ का लागावं? परक्या देशात कातडीच्या रंगाचा प्रश्न कधी ना कधी अनुभवलेल्या आपल्यासारख्यांना तर हा प्रसंग घड्याळापेक्षा हजार पटींनी भिडला असता.

आता शेवटाकडे येतो. ४ मे १९१९ रोजी पेकिंगमध्ये विद्यार्थी रस्त्यावर उतरले. ही चळवळ आधुनिक चीनच्या इतिहासातला मोठा टप्पा मानली जाते. २८ जूनला व्हर्सायच्या आरसेमहालात तहावर सह्या व्हायच्या होत्या. चित्रपटात कू त्या महालात जातात, आपण निराश झालो आहोत, संतापलो आहोत असं सर्वांना सुनावतात, सही नाकारतात आणि ताठ मानेने बाहेर पडतात. संगीत चढत जातं. कुणाही चिनी प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी यावं असा शेवट आहे.

प्रत्यक्षात काय घडलं? त्या दिवशी कू महालात गेलेच नाहीत. एकही चिनी प्रतिनिधी गेला नाही. चीनसाठी मांडलेल्या दोन खुर्च्या रिकाम्या राहिल्या.

आणि त्या खुर्च्या रिकाम्या राहण्याआधी जे चाललं होतं ते मला चित्रपटातल्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. चिनी शिष्टमंडळ पायरी पायरीने खाली उतरत होतं. शांतुंगची कलमं मान्य नाहीत अशी नोंद तहाच्या मजकुरात करू द्या. नाही? मग परिशिष्टात करू द्या. तेही नाही? मग तहाबाहेर वेगळं निवेदन स्वीकारा. तेही नाही? मग सही केली तरी पुढे हा प्रश्न काढायला आडकाठी नसेल, एवढं तरी म्हणू द्या. २८ जूनच्या सकाळपर्यंत हे चालू होतं आणि प्रत्येक पायरीवर नकार आला. शिष्टमंडळाचे प्रमुख लू चंगश्यांग आजारी, पॅरिसबाहेरच्या इस्पितळात. त्यांच्याभोवती चिनी विद्यार्थ्यांचा आणि कामगारांचा गराडा. पेकिंगहून निःसंदिग्ध आदेश वेळेवर आलेला नाही. म्हणजे सही केली तर देश माफ करणार नाही, आणि नाही केली तर उद्या आपलंच सरकार हात वर करून मोकळं होणार. अशा वेळी ती मंडळी गेली नाहीत. कू यांनी आपल्या आठवणींत त्या पहाटेच्या पॅरिसचं वर्णन केलं आहे. गाडीतून एकट्याने जाताना सगळं शहर त्यांना उदास, करडं वाटलं. आणि मनात येत राहिलं की चिनी प्रतिनिधी आलेच नाहीत हे पाहून परिषदेला केवढा धक्का बसेल. अकरा हजार पानांच्या कोरड्या कथनात भावना अशी क्वचितच डोकावते.

त्या काळात दुबळ्या देशांनी सही न करणं हे किती विरळ होतं, हे समजायला आपल्याकडे पाहिलं तरी पुरे. त्याच दिवशी त्याच महालात भारताच्या नावाने सह्या झाल्या. भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी त्या केल्या. म्हणजे स्वतंत्र नसलेल्या भारताची सही तहावर आहे, आणि निदान नावापुरता स्वतंत्र असलेल्या चीनची नाही. नावापुरतं का होईना, स्वातंत्र्य कशासाठी लागतं, तर ‘नाही’ म्हणण्यासाठी.

आणि या नकाराने चीन एकटा पडला का? तर नाही. राष्ट्रसंघात शिरायला व्हर्साय हे एकच दार नव्हतं. सप्टेंबरमध्ये चीनने ऑस्ट्रियाबरोबरच्या तहावर सही केली आणि त्या दाराने आत प्रवेश मिळवला. १९२१-२२ साली वॉशिंग्टन परिषदेत शांतुंगचा प्रश्न पुन्हा निघाला. सही केलेली नसल्यामुळेच तो काढता आला. बैठकांमागून बैठका झाल्या आणि ४ फेब्रुवारी १९२२ रोजी जपानने शांतुंग परत करण्याचा करार केला. रेल्वेची किंमत मात्र चीनला पंधरा वर्षांच्या रोख्यांनी चुकवायची होती. म्हणजे विजयसुद्धा हप्त्याहप्त्याने फेडायचा! चित्रपट १९१९ मध्येच थांबतो. पण १९१९चा अर्थ १९२२ मध्ये कळतो. पराभव मान्य न करणं ही निम्मीच गोष्ट झाली. उरलेली निम्मी म्हणजे तीन वर्षं फायली हाताशी ठेवून संधीची वाट बघणं.

चित्रपट तिथेच का थांबला असावा, यामागे मला आणखी एक कारण दिसतं, आणि ती माझी तिसरी तक्रार. कू यांचं पुढचं आयुष्य कुठल्याच झेंड्याखाली नीट बसत नाही. १९२०च्या दशकात त्यांनी पेकिंगमधल्या लष्करशहांच्या छायेतल्या सरकारांत परराष्ट्र मंत्रिपद आणि पंतप्रधानपद भूषवलं. १९२६-२७ मध्ये तर ते काही महिने हंगामी राष्ट्रप्रमुखही होते, आणि खरी सत्ता होती मांचुरियाच्या चांग त्सोलिनच्या हाती. १९२८ साली राष्ट्रवादी पक्षाचं सरकार आलं आणि त्याने कू यांच्या अटकेचा हुकूम काढला. काही वर्षांतच त्याच सरकारने त्यांना पुन्हा कामावर घेतलं. लिटन आयोगाबरोबर मांचुरियात, नंतर राष्ट्रसंघात, मग पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनमध्ये राजदूत. डिसेंबर १९४८ मध्ये कम्युनिस्टांनी ‘युद्धगुन्हेगारां’ची यादी जाहीर केली, त्यातल्या त्रेचाळीस नावांत कू यांचंही नाव होतं. आणि पन्नास वर्षांनी त्याच पक्षाच्या राजवटीत त्यांच्यावर गौरवपट निघाला. मग १९१९ नंतरचं दाखवणार कसं?

मग प्रश्न उरतो की हा माणूस संधिसाधू होता का? जो येईल त्याची चाकरी करणारा? चरित्र वाचताना हा प्रश्न माझा पाठलाग करत होता. माझं मत असं झालं की लष्करशहांच्या सरकारांना कू यांनी आपल्या नावाची प्रतिष्ठा उसनी दिली, आणि हा डाग आहे. आठवणींत ते याबद्दल फार बोलत नाहीत. मंत्रिमंडळं कशी पडली हे तपशिलात सांगतात, त्यांत आपण का बसलो हे थोडक्यात उरकतात. अकरा हजार पानांत हे मौन ठळकपणे जाणवतं. पण त्याच काळात, नोव्हेंबर १९२६ मध्ये, त्यांनी बेल्जियमबरोबरचा १८६५ सालचा विषम करार चीनतर्फे एकतर्फी रद्द करून टाकला. पाठीशी धड सरकार नाही, तिजोरीत पैसे नाहीत, अर्धा देश दुसऱ्याच्या ताब्यात, आणि हा माणूस एका युरोपियन राष्ट्राला सांगतो की तुमचा करार आता संपला. पुढच्याच वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी चिनी जकात खात्याचे ब्रिटिश प्रमुख सर फ्रान्सिस अॅगलन यांना बडतर्फ केलं. जानेवारी १९४३ मध्ये ब्रिटन आणि अमेरिकेने चीनमधले आपले विशेष कायदेशीर हक्क सोडले तेव्हा कू लंडनमध्ये राजदूत होते. कोलंबियातल्या प्रबंधाचा विषय तिथे निकालात निघाला. सरकारं बदलत गेली, फाईल एकच राहिली. मी त्यांना संधिसाधू म्हणणार नाही. पण स्वच्छ कोऱ्या कपड्यांतला नायकही म्हणणार नाही, आणि चित्रपटाने त्यांना नेमकं तेच केलं आहे.

२६ जून १९४५ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर पहिली सही चीनची झाली. ती कू यांनी कुंचल्याने, चिनी अक्षरांत केली. त्याच शिष्टमंडळात कम्युनिस्ट पक्षाचे तुंग पिवू होते, त्यांचीही सही त्याच कागदावर आहे. चारच वर्षांत त्या दोघांचे चीन वेगळे झाले. १९७१ साली संयुक्त राष्ट्रांतली चीनची जागा बीजिंगकडे गेली, पण सनदेच्या तेविसाव्या कलमात आजही नाव आहे ते जुन्या ‘रिपब्लिक ऑफ चायना’चंच. आणि सनदेवर सर्वांत आधी सही चीनने केली, हे बीजिंग आजही अभिमानाने सांगतं. व्हर्सायला न केलेली सही आणि सॅन फ्रान्सिस्कोला केलेली सही, या दोन्ही आज दोन्ही चीनना आपल्याच वाटतात. ज्या सरकारांसाठी त्या माणसाने काम केलं ती सगळी इतिहासजमा झाली किंवा एका बेटापुरती उरली. काम मात्र देशाच्या खात्यावर जमा राहिलं.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक दुवा. १९५७ ते १९६७ कू हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायाधीश होते. त्या काळात तिथे एक खटला उभा राहिला, पोर्तुगाल विरुद्ध भारत. दादरा-नगर हवेली! १९५४ साली ज्या मुक्तिसंग्रामात आपले बाबूजी सुधीर फडके आणि त्यांचे साथीदार जिवावर उदार होऊन उतरले होते, त्या प्रदेशाकडे जाण्याच्या वाटेचा हा खटला. भारतातर्फे मुंबईचे माजी मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला हे त्या प्रकरणापुरते न्यायाधीश म्हणून बसले होते. १२ एप्रिल १९६०च्या निकालात पोर्तुगालचा जाण्यायेण्याचा मर्यादित हक्क मान्य झाला, पण भारताने आपल्या जबाबदारीचा भंग केलेला नाही असंही न्यायालयाने ठरवलं. कू यांनी त्या निकालाला आपलं स्वतंत्र मतपत्र जोडलं आहे. परकीयांचे हक्क कुठे सुरू होतात आणि यजमान देशाचा अधिकार कुठे संपतो, या प्रश्नावर प्रबंध लिहिलेल्या माणसापुढे, अठ्ठेचाळीस वर्षांनी, आपल्या सिल्व्हासाचा रस्ता आला होता.

निवृत्तीनंतर कू न्यूयॉर्कमध्येच राहिले आणि ज्या विद्यापीठात शिकले तिथल्याच मंडळींना त्यांनी वर्षानुवर्षं बसून आपल्या आठवणी सांगितल्या. ते काम १९७६ साली संपलं. पुढे चीनमध्ये त्याचं तेरा खंडांत भाषांतर निघालं. काढलं ते त्यांना एकेकाळी युद्धगुन्हेगार म्हणणाऱ्या राजवटीतल्याच संस्थेने! कू १९८५ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये वारले. मायदेशाची सेवा करण्यासाठी परत गेलेला विद्यार्थी अखेर परक्या शहरातच कायमचा राहिला.

तर चित्रपट पाहावा का? जरूर पाहावा. चेन दाओमिंगसाठी पाहावा, पॅरिसच्या त्या दिवसांच्या वातावरणासाठी पाहावा. पण मुलांबरोबर पाहणार असाल तर नंतर थोडं बोला. आपली मुलं डिबेट क्लबात बक्षिसं मिळवतात आणि आपल्याला वाटतं, फर्डं इंग्रजी बोलता आलं की जग आपलं ऐकतं. परदेशात शिकलेल्या आपल्या पिढीचा हा लाडका समज आहे. ‘माय १९१९’ हा समज कुरवाळतो, म्हणून तो आपल्याला इतका आवडतो. कू यांचं खरं आयुष्य तो खोडून काढतं. त्यांच्याइतकं चांगलं त्या परिषदेत फारसं कुणी बोललं नव्हतं, आणि तरीही ते हरले. मग त्यांनी सही केली नाही, तीन वर्षं थांबले आणि परत टेबलाशी जाऊन बसले. मुलांना घड्याळाचा प्रसंग लक्षात राहील, तो राहू दे. त्याच्या जोडीला त्या दोन रिकाम्या खुर्च्यांची गोष्टही सांगा. ती चित्रपटात नाही.